डाविंची रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन एडिटिंगची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर आहे आणि टाइमलाइन म्हणजे क्लिप्स क्रमाने मांडायची पट्टी. ही उत्तरे त्याच्या मोफत आवृत्तीतल्या एडिट पेजला धरून लिहिली आहेत. शॉर्टकट विंडोजचे आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि आल्टच्या जागी ऑप्शन घ्या. बऱ्याच लॅपटॉपवर एफ९ ते एफ१२ या बटणांबरोबर एफएन दाबावे लागते. उदाहरणासाठी सगळीकडे एकच काम धरले आहे: मोबाइलवर शूट केलेली एका शेतकऱ्याची २० मिनिटांची मुलाखत, वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला कॉलर माइकचा आवाज, शेतातले काही जादा शॉट्स आणि खाली थोडे संगीत.

मोफत आवृत्ती शिकायला पुरेशी आहे का?

पुरेशी आहे. ३८४० × २१६० रिझोल्यूशन आणि सेकंदाला ६० फ्रेम्सपर्यंत एक्स्पोर्ट करता येते. फक्त स्टुडिओ या विकतच्या आवृत्तीत मिळणारा इफेक्ट लावला तरच वॉटरमार्क येतो. अडचण दोन ठिकाणी येते. काही कॅमेऱ्यांच्या १०-बिट फाइल्स मोफत आवृत्तीत उघडत नाहीत, किंवा नुसता आवाज येतो आणि चित्र येत नाही. आणि लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४ व एच.२६५ या प्रकारच्या फाइल्स वाचत नाही, म्हणजे मोबाइलचे फुटेज आधी बदलून घ्यावे लागते. रॅम १६ जीबीपेक्षा कमी असेल तर केडेनलाइव्हसारखे हलके सॉफ्टवेअर घ्या. खाली दिलेल्या कल्पना तिथेही तशाच लागू पडतात, फक्त बटणे वेगळी.

प्रोजेक्ट सुरू करताना फ्रेम रेट किती ठेवायचा?

फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे किती चित्रे. हा निर्णय फुटेज आत आणण्याआधी घ्यायचा, कारण मीडिया आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. शिफ्ट + ९ दाबून प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा आणि मास्टर सेटिंग्जमध्ये टाइमलाइन फ्रेम रेट बघा. नियम सोपा आहे: ज्या कॅमेऱ्याचे फुटेज सर्वात जास्त, त्याचाच रेट.

मुलाखत ३० वर शूट झाली आणि टाइमलाइन २५ ची असेल, तर दर सहा फ्रेम्समधली एक गळते. बोलणाऱ्या चेहऱ्यावर ते फारसे कळत नाही, पण कॅमेरा पिकावरून आडवा फिरतो तेव्हा हालचाल ठेचकाळत जाते. उलट, २५ चे फुटेज ३० मध्ये टाकले तर पाचांपैकी एक फ्रेम दोनदा दिसते. तोच दोष, वेगळ्या दिशेने.

शूटिंग तुमच्याच हातात असेल तर भारतात २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ही जोडी उत्तम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीचा लुकलुकाट या शटरवर बहुतेक वेळा टळतो. पण मोबाइलने ३० वर शूट करून झाले असेल, तर टाइमलाइनही ३० ची ठेवा.

पहिली क्लिप आत आणताना ‘फ्रेम रेट बदलायचा का’ अशी खिडकी आली, तर ती क्लिप मुख्य कॅमेऱ्याची असेल तेव्हाच होकार द्या. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग पहिल्यांदा आणून होकार दिला, तर सगळा प्रोजेक्ट त्या फाइलच्या रेटवर जाऊन बसतो.

चूक होऊन गेली असेल तर कंट्रोल + एन ने नवी टाइमलाइन करा, ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ची खूण काढा आणि फॉरमॅट टॅबमध्ये योग्य रेट द्या. हे पहिल्या तासाभरात केलेले बरे. शंभर कट झाल्यावर केले तर प्रत्येक कट एखाद-दुसऱ्या फ्रेमने सरकलेला सापडतो.

सुरुवातीला आवाज आणि ओठ जुळतात, नंतर हळूहळू फरक का पडतो?

मोबाइल बहुधा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की तो फ्रेम्स कमी घेतो. सॉफ्टवेअर मात्र ठरावीक रेट धरून चालते. प्रत्यक्ष सरासरी २९.९ आणि गृहीत ३० असे समजा. २० मिनिटांच्या मुलाखतीत शेवटी चार सेकंदांचा फरक पडू शकतो. वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज जोडला की तो ठळकपणे जाणवतो.

खात्री करायला मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडा. ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ लिहिलेले असेल तर फाइल हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमधून काढा: व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट ३०, त्याखाली ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’, गुणवत्ता आरएफ १६ ते १८. हे काम एडिटच्या आधी करायचे. अर्धे एडिट झाल्यावर फाइल बदलली तर जुने कट नव्या फाइलवर बरोबर बसत नाहीत. आणि आवाज ताणून किंवा दर दोन मिनिटांनी कापून जुळवत बसू नका, कारण फरक सगळीकडे सारखा नसतो.

वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज कसा जोडायचा?

मीडिया पूलमध्ये, म्हणजे आत आणलेल्या फाइल्स दिसतात तिथे, व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही फाइल्स निवडा, राइट क्लिक करा, ‘ऑटो सिंक ऑडिओ’मध्ये वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या लाटेच्या आकृतीवर आधारित पर्याय घ्या. यासाठी मोबाइलच्या स्वतःच्या माइकवरही आवाज रेकॉर्ड झालेला हवा, कारण दोन लाटा जुळवूनच हे काम होते. शूटच्या सुरुवातीला एकदा टाळी वाजवून घेतली असेल तर हाताने जुळवणेही मिनिटाभराचे काम.

कोणत्या ट्रॅकवर काय ठेवावे?

व्ही म्हणजे व्हिडिओ ट्रॅक, ए म्हणजे ऑडिओ ट्रॅक. व्ही१ वर मुलाखत, व्ही२ वर शेतातले शॉट्स, व्ही३ वर टायटल. ए१ वर कॉलर माइक, ए२ वर शेतातला आजूबाजूचा आवाज, ए३ वर संगीत. वरचा व्हिडिओ ट्रॅक खालच्याला झाकतो. ऑडिओत झाकणे नसते, सगळे ट्रॅक एकत्र वाजतात.

इन्सर्ट आणि ओव्हरराइट यांत नेमका फरक काय?

टाइमलाइनवरच्या प्रत्येक क्रियेला एकच प्रश्न विचारायची सवय लावा: यामुळे पुढच्या क्लिप्स सरकणार आहेत की जागच्या जागी राहणार आहेत? नवशिक्यांच्या बहुतेक गोंधळांचे मूळ इथेच सापडते.

इन्सर्ट, म्हणजे एफ९, प्लेहेडच्या (टाइमलाइनवर सरकणाऱ्या उभ्या रेषेच्या) जागी क्लिप घुसवते आणि पुढचे सगळे तेवढे पुढे ढकलते. एकूण लांबी वाढते. ओव्हरराइट, म्हणजे एफ१०, तेवढ्या लांबीचे जुने पुसून त्यावर नवे ठेवते. पुढचे काहीच हलत नाही. एफ१२ क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवते, शेतातल्या शॉट्ससाठी हे सर्वात उपयोगी. शिफ्ट + एफ१२ टाइमलाइनच्या शेवटी जोडते.

कामाचा क्रम असा: मीडिया पूलमधली क्लिप डबल क्लिकने सोर्स व्ह्यूअरमध्ये उघडा, जे-के-एल बटणांनी मागे, थांब, पुढे असे फिरा, हव्या भागाच्या सुरुवातीला ‘आय’ आणि शेवटी ‘ओ’ दाबा, मग वरच्यापैकी एक बटण. माउसने ओढून टाकलेली क्लिप नेमकी ओव्हरराइट होते आणि खाली असलेले वाक्य गुपचूप कापले जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात तरी ओढायचे टाळा.

पहिला खर्डा जोडताना इन्सर्ट आणि शेवटी जोडणे. संगीत बसल्यानंतर शक्यतो ओव्हरराइट आणि एफ१२.

डिलीट आणि बॅकस्पेस दोन्हींनी क्लिप जाते, मग वेगळे काय?

बॅकस्पेसने क्लिप जाते आणि तिची जागा रिकामी राहते. डिलीटने क्लिप जाते आणि पुढचे सगळे मागे सरकून ती जागा भरते. यालाच रिपल डिलीट म्हणतात. मॅकच्या कीबोर्डवर ‘डिलीट’ लिहिलेले बटण बॅकस्पेसचे काम करते, रिपलसाठी एफएन + डिलीट दाबा. राहून गेलेली मोकळी जागा क्लिक करून निवडता येते आणि डिलीटने बंद करता येते. दोन फ्रेम्सची फट झूम आउट केल्यावर दिसत नाही, पण एक्स्पोर्टमध्ये काळी चमक म्हणून नक्की दिसते.

रिपल केल्यावर संगीत आणि सबटायटल जागेवरून का गेले?

रिपलचा परिणाम कोणत्या ट्रॅकवर होणार हे ट्रॅकच्या डाव्या बाजूचे ‘ऑटो ट्रॅक सिलेक्टर’ बटण ठरवते. ते चालू असलेले ट्रॅक सरकतात. बंद केलेले आणि कुलूप लावलेले ट्रॅक जागीच राहतात.

म्हणून कुलूप दोन्ही बाजूंनी कापते. संगीताचा ट्रॅक लॉक करणे बरोबर, कारण ते सलग वाजायला हवे. पण सबटायटलचा ट्रॅक लॉक करून मुलाखतीतून तीन सेकंद काढले, तर त्यापुढचे प्रत्येक सबटायटल तीन सेकंद उशिरा येते. कुलूप लावताना विचार करा: या ट्रॅकवरची वस्तू बोलण्याशी बांधलेली आहे की नाही? बांधलेली असेल तर ती सरकलीच पाहिजे.

आणखी एक बारकावा आहे. एक क्लिप निवडून डिलीट केले तर लांबच लांब पसरलेले संगीत मधून कापले जात नाही. पण टाइमलाइनवर ‘आय’ आणि ‘ओ’ लावून, काही न निवडता डिलीट केले, तर तेवढा पट्टा ऑटो सिलेक्टर चालू असलेल्या सगळ्याच ट्रॅकमधून कापला जातो, संगीतही. ताल चुकल्यासारखा वाटला तर आधी हे तपासा.

चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकले असतील तर दोन्हींवर लाल आकडा दिसतो. तो फ्रेम्सचा आहे. फक्त आवाज निवडा (आल्ट धरून क्लिक) आणि स्वल्पविराम किंवा पूर्णविरामाच्या बटणाने एकेक फ्रेम सरकवत आकडा जाईपर्यंत आणा.

रिपल, रोल, स्लिप, स्लाइड हे चार ट्रिम कधी वापरायचे?

‘टी’ दाबून ट्रिम मोडमध्ये जा. माउस क्लिपवर कुठे आहे त्यावरून क्रिया ठरते. ‘ए’ दाबले की नेहमीच्या सिलेक्शन मोडमध्ये परत.

क्लिपची एक कड धरून ओढली की रिपल: क्लिप लांब-आखूड होते आणि पुढचे तेवढे सरकते. दोन क्लिप्सच्या बरोबर सांध्यावर धरले की रोल: एक वाढते, दुसरी तेवढीच कमी होते, एकूण लांबी तीच. कट किंचित लवकर किंवा उशिरा आला असे वाटते तेव्हा हवा असतो तो रोल.

स्लिप हे चौघांतले सर्वात गुणी आणि सर्वात दुर्लक्षित. क्लिपच्या मधल्या भागात, वरच्या अर्ध्यात धरून ओढा. क्लिपची जागा आणि लांबी तीच राहते, आत दिसणारा भाग बदलतो. समजा, शेतकरी विहिरीत मोटर सोडतो तो तीन सेकंदांचा शॉट व्ही२ वर बरोबर बसला आहे, पण पाणी उसळायच्या आतच कट येतो. इथे क्लिप काढून पुन्हा शोधत बसू नका. स्लिप करा, व्ह्यूअरमध्ये पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी-शेजारी दिसतात, पाणी उसळलेली फ्रेम शेवटी आली की सोडा. आजूबाजूचे काहीही हलत नाही.

खालच्या भागात, क्लिपच्या नावाच्या पट्टीवर धरले तर स्लाइड: क्लिप तशीच राहून शेजाऱ्यांमध्ये सरकते. तिचा उपयोग त्या मानाने क्वचितच होतो.

बोलणे कापताना कट नेमका कुठे घ्यावा?

चित्र बघून नव्हे, लाट बघून. ऑडिओ ट्रॅकची उंची वाढवा आणि एक शब्द दोन-तीन इंच रुंद दिसेल इतके झूम करा. ‘गेल्या वर्षी… म्हणजे… पाऊस उशिरा आला’ यातले ‘म्हणजे’ काढायचे आहे. ‘पाऊस’चा ‘प’ बघा: त्याच्या आधी ओठ मिटलेले असतात, म्हणून लाट क्षणभर सपाट होते आणि मग एकदम उसळते. कट त्या सपाट भागात, उसळीच्या एक-दोन फ्रेम्स आधी घ्या. उसळीवर घेतला तर ‘आऊस’ ऐकू येते. ‘क’, ‘ट’, ‘त’ या अक्षरांचेही असेच. ‘स’ आणि ‘श’ मात्र हळूच सुरू होतात, लाटेत बारीक केसाळ पट्टी दिसते. तिथे आणखी तीन-चार फ्रेम्स मागे जावे लागते.

श्वासाचा नियम: पूर्ण ठेवा किंवा पूर्ण काढा. अर्धा कापलेला श्वास उचकीसारखा वाटतो. सगळेच श्वास काढले तर माणूस वाचून दाखवतोय असे वाटू लागते, म्हणून वाक्यांमधले ठेवा आणि अडखळण्याचे काढा.

२५ च्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, बोलण्यासाठी ते जाड माप आहे. कटवर ‘टक’ असा आवाज येत असेल तर दोन्ही बाजूंच्या ऑडिओ क्लिपच्या वरच्या कोपऱ्यातली पांढरी मूठ ओढून एक-दोन फ्रेम्सचा फेड द्या.

प्लेहेडच्या जागी कापायला कंट्रोल + बी. ‘बी’ एकटे दाबले तर ब्लेड मोड चालू राहतो आणि पुढच्या क्लिकला नको तिथे कट पडतो.

कापल्यावर चेहरा उडी मारतो, ते कसे लपवायचे?

व्ही२ वर शेतातला शॉट ठेवा. तो बरोबर कटवर सुरू करू नका, कटच्या अर्धा-एक सेकंद आधी सुरू करून तितकाच नंतर संपवा. असा जादा शॉट दोन सेकंदांपेक्षा लहान असेल तर काय दिसले हे कळायच्या आत निघून जातो.

शॉट नसेल तर कटनंतरच्या क्लिपचा झूम १.१५ ते १.२ करा. १.०५ इतका थोडा झूम चूक वाटतो, म्हणून करायचा तर ठसठशीत करा. मूळ फुटेज ४के आणि टाइमलाइन १०८० ची असेल तर दुप्पट मोठे केले तरी स्पष्टता टिकते.

जे-कट आणि एल-कट कसे करायचे?

आवाज चित्राच्या आधी आला तर जे-कट, चित्र बदलूनही आधीचा आवाज चालू राहिला तर एल-कट. आल्ट धरून फक्त ऑडिओ निवडा आणि त्याची कड १० ते २० फ्रेम्स ओढा. बाजूचा आवाज त्याच ट्रॅकवर असेल तर तो पुसला जातो, म्हणून एकाआड एक क्लिपचा आवाज दोन ट्रॅकवर ठेवा. मुलाखतीतून शेताकडे जाताना आधी पंपाचा आवाज आणि मग पंप, असे केले की सांधा सहज बसतो. ट्रान्झिशनची गरजच उरत नाही.

ट्रान्झिशन लागत नाही, किंवा लावल्यावर क्लिप आखूड होते. का?

विरघळणाऱ्या ट्रान्झिशनमध्ये काही क्षण दोन्ही क्लिप्स एकाच वेळी दिसतात. त्यासाठी कटच्या पलीकडे वापरात नसलेले फुटेज शिल्लक हवे, त्याला हँडल म्हणतात. २५ च्या टाइमलाइनवर एक सेकंदाचे, मध्यावर बसवलेले ट्रान्झिशन म्हणजे दोन्हीकडे साधारण १२-१३ फ्रेम्स. फाइलच्या अगदी पहिल्या फ्रेमपासून क्लिप वापरली असेल तर मागे काहीच नसते, म्हणून सॉफ्टवेअर क्लिप कापू का विचारते. उपाय शूटिंगपासून सुरू होतो: प्रत्येक शॉट कृतीच्या तीन-चार सेकंद आधी चालू करा आणि तितकाच उशिरा थांबवा. ट्रान्झिशनचा शॉर्टकट कंट्रोल + टी.

आवाजाची पातळी किती असावी?

बोलण्याची शिखरे उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. शून्याला कधीच लागू देऊ नका, तिथे फाटलेला आवाज परत मिळत नाही. बोलण्याखालचे संगीत उणे ३० च्या आसपास ठेवून सुरुवात करा, नंतर मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकून ठरवा. हेडफोनवर छान वाटणारे संगीत तिथे शब्द खाते. गाण्यात गायकाचा आवाज असेल तर ते बोलण्याखाली घेऊच नका, दोन माणसे एकदम बोलल्यासारखे होते.

टाइमलाइन अडखळत चालते. नवा कॉम्प्युटर घ्यावा का?

आधी प्रॉक्सी, म्हणजे फाइल्सच्या हलक्या प्रती, करून बघा. मोबाइलच्या एच.२६५ फाइलमध्ये बहुतेक फ्रेम्स पूर्ण साठवलेल्या नसतात, फक्त शेजारच्या फ्रेम्सपेक्षा काय बदलले ते असते. प्लेहेड कुठेही टेकवला की कॉम्प्युटरला आजूबाजूच्या फ्रेम्स उलगडून ती एक तयार करावी लागते. म्हणून फाइल लहान असूनही जड जाते.

मीडिया पूलमध्ये सगळ्या क्लिप्स निवडून राइट क्लिक, ‘जनरेट प्रॉक्सी मीडिया’. रिझोल्यूशन निम्मे किंवा पाव, प्रकार डीएनएक्सएचआर एलबी. मग प्लेबॅक मेनूतल्या प्रॉक्सी हँडलिंगमध्ये प्रॉक्सीला प्राधान्य द्या. एक्स्पोर्ट मूळ फाइल्समधूनच होतो, डिलिव्हर पेजवर प्रॉक्सी वापरण्याची खूण चुकून केली नाही एवढे पाहा. तेवढ्याने भागले नाही तर प्लेबॅक मेनूत टाइमलाइनचे रिझोल्यूशन निम्म्यावर आणा. फुटेज पेनड्राइव्हवरून चालवत असाल तर आधी एसएसडीवर घ्या.

मराठी टायटलमधली जोडाक्षरे तुटतात. काय करावे?

फाँट युनिकोड हवा. मुक्त, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर इथे चिकटवला तर निरर्थक अक्षरे येतात. टायटल करण्याआधी ‘क्षेत्र, ऱ्हास, दुसऱ्या, कर्तृत्व’ हे चार शब्द टाइप करून बघा, ऱ्ह आणि ऱ्या बरोबर आले तर बहुतेक सगळे बरोबर येते. साध्या टेक्स्टमध्ये तुटत असेल तर टेक्स्ट प्लस वापरून बघा. तरीही जमले नाही तर इंकस्केपमध्ये टायटल तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी म्हणून आणा. सबटायटलची एसआरटी फाइल नेहमी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

यूट्यूबसाठी एक्स्पोर्ट कसा करायचा?

डिलिव्हर पेज, एमपी४, एच.२६४, फ्रेम रेट टाइमलाइनचाच. १०८० आणि ३० फ्रेम्सपर्यंत यूट्यूब ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट) सुचवते. पण यूट्यूब फाइल पुन्हा आवळते, म्हणून १६ द्यावे. तेवढ्यात मिनिटाला साधारण १२० एमबी होतात. ऑडिओ एएसी, ४८ किलोहर्ट्झ.

एक्स्पोर्टआधी शिफ्ट + झेड दाबून अख्खी टाइमलाइन बघा. दूर कोपऱ्यात एखादा तुकडा पडून राहिला असेल तर पाच मिनिटांच्या मुलाखतीनंतर अर्धा तास काळा पडदा येतो. जुने ‘आय’ आणि ‘ओ’ राहिले असतील तर उलट होते, थोडासाच भाग बाहेर पडतो. आल्ट + एक्स ने ते काढा आणि रेंडरची व्याप्ती ‘एंटायर टाइमलाइन’ आहे ना ते बघा. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आवळली जात नाही.

क्लिप्स लाल होऊन ‘मीडिया ऑफलाइन’ का दिसते? प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर कसा न्यायचा?

प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त फाइल कुठे आहे याची नोंद असते. फोल्डर हलवले, नाव बदलले किंवा हार्ड डिस्क काढली की नोंद चुकते. मीडिया पूलमध्ये क्लिप्स निवडून ‘रिलिंक सिलेक्टेड क्लिप्स’ घ्या आणि नवे फोल्डर दाखवा. कट जसेच्या तसे परत येतात. मेमरी कार्डवरून थेट एडिट सुरू केले आणि मग कार्ड फॉरमॅट केले, तर मात्र काही परत येत नाही.

प्रोजेक्ट स्वतः रिझॉल्व्हच्या लायब्ररीत असतो, डेस्कटॉपवर शोधून सापडत नाही. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून एक्स्पोर्ट केले की छोटी डीआरपी फाइल मिळते, तिच्यात फक्त नोंदी असतात. फुटेजसकट न्यायचे असेल तर तिथेच ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह’ घ्या. १०० एमबीपीएसच्या ४के फुटेजला तासाला ४५ जीबी लागतात, तेवढी जागा डिस्कवर आहे ना ते आधी पाहा. रोजचे काम संपवताना डीआरपी फाइल दुसऱ्या डिस्कवर किंवा ड्राइव्हवर टाकून ठेवा, आणि फाइलच्या नावात तारीख घाला.